धुळीच्या भिंतीत गाडी थांबवली तर दिवे का बंद करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आणि जावई अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात फिनिक्सजवळ चँडलरला राहतात. जावयांना आठवड्यातून तीन दिवस गाडीने टूसॉनला जावं लागतं आणि परतायला संध्याकाळ होते. पुण्याहून आई-वडील जुलैच्या शेवटी तिकडे जाणार आहेत. तिथल्या धुळीच्या वादळांचे व्हिडिओ पाहून दोघांच्या पोटात गोळा आला आहे. वडील विचारतात, "अशा वेळी पार्किंग लाईट लावून हळूहळू चालत राहावं की बाजूला थांबावं? आणि थांबलं तर मागचा येऊन आदळणार नाही का?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. चालत राहायचं नाही. रस्ता सोडून, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जितकं जाता येईल तितकं जाऊन थांबायचं. थांबलात की गाडीचे सगळे दिवे बंद करायचे, हेडलाईटही आणि चारही इंडिकेटरही. हँडब्रेक लावायचा आणि ब्रेकच्या पेडलवरून पाय काढायचा. पट्टा बांधलेलाच ठेवून आत बसून राहायचं. ॲरिझोनाचं वाहतूक खातं वर्षानुवर्षं हेच सांगत आलंय. 'पुल असाइड, स्टे अलाइव्ह' असं त्यांच्या मोहिमेचं नाव आहे. म्हणजे बाजूला व्हा, जीव वाचवा.

यातलं 'दिवे बंद' आपल्या माणसांच्या गळी उतरत नाही. माझ्याही उतरलं नव्हतं. माझे वडील एसटीत चालक होते. पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावर आंबेनळी घाटात त्यांची उभी हयात गेली. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की ते म्हणायचे, "आपल्याला काही दिसो न दिसो, आपण दुसऱ्याला दिसलो पाहिजे." तेच डोक्यात घेऊन मी इथे ॲरिझोनात आलो आणि फिनिक्स-टूसॉन-एल पासो या वाटेवर बावीस वर्षं मोठा ट्रक चालवला. आता नव्या ड्रायव्हरांना शिकवतो.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. ऑगस्टची संध्याकाळ, इलॉय गावाच्या अलीकडे मी धुळीत सापडलो. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीवर, ट्रक घेतला आणि वडिलांनी शिकवलं तसे चारही इंडिकेटर लावले. ट्रकवाल्यांना एरवी थांबल्यावर ते लावायचा नियमच आहे, त्यामुळे दुसरं काही सुचलंही नाही. मिनिटभरात ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर दणका बसला. एक पिकअप घुसली होती. चालवणारा तरुण पोरगा होता. हात मोडला, पण जिवावरचं हातावर निभावलं. धूळ ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला बसून तो मला सांगत होता, "मला रस्ता दिसत नव्हता, फक्त तुझे दिवे दिसत होते. वाटलं तू चालतोयस, म्हणून तुझ्या मागे मागे येत होतो."

म्हणजे तो चुकून आदळला नव्हता. माझ्या दिव्यांवर भरवसा ठेवून, नेम धरल्यासारखा माझ्याकडेच आला होता. धुळीत रस्ता, पट्ट्या, कडेचे खांब सगळं नाहीसं होतं आणि समोर उरतात दोन लाल ठिपके. माणसाचं मन त्या ठिपक्यांना चिकटतं. ते चालतायत की उभे आहेत हे कळायला आजूबाजूला काहीतरी दिसावं लागतं, आणि तिथे काहीच दिसत नसतं. दिवे बंद असतील तर मागून येणारा निदान आपल्या मार्गाने जातो. तुमचे दिवे पाहून तो रस्ता सोडून तुमच्यावर येतो. घाटातल्या धुक्यात वडील बरोबरच होते, कारण तिथे गाडी रस्त्यावर चालत असते. वाळवंटात रस्त्याबाहेर उभं राहायचं असतं, म्हणून नियम उलटा होतो.

त्यातला खरा भर 'रस्त्याबाहेर' या शब्दावर आहे. जोवर गाडी चालतेय तोवर हेडलाईट चालूच हवेत, आणि लो बीमवर. हाय बीम लावला तर धुळीवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो. चालत्या लेनमध्ये दिवे बंद करून उभं राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं. लेनमध्ये थांबायचंच नाही, दिवे लावूनही नाही आणि बंद करूनही नाही. मला सर्वात जास्त भीती वाटते ती अशा माणसाची, जो घाबरून आहे त्याच लेनमध्ये कच्चकन ब्रेक दाबतो.

आकड्यांत पाहा. टूसॉनच्या वाटेवर वेगमर्यादा ताशी ७५ मैल आहे, म्हणजे १२० किलोमीटर. त्या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तिथेच ५० मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर थांबायला आणखी ऐंशीएक मीटर. एकूण १३० झाले. माझा भरलेला ट्रक ३६ टनांचा, त्याला याहून कितीतरी जास्त लागतात. दाट धुळीत कधीकधी स्वतःच्या बॉनेटचं टोक दिसत नाही. मग तुम्ही ताशी ५० ने चालवा नाहीतर ३० ने, मागचा कितीने येतोय हे तुमच्या हातात नाही. 'हळूहळू चालत राहावं का' याचं उत्तर इथेच आहे.

दृष्टीही फसवते. सगळं एकसारखं तपकिरी झालं की आपण आहोत त्यापेक्षा हळू चाललोय असं वाटतं, कारण वेग जाणवायला बाजूने झाडं-खांब मागे पळताना दिसावे लागतात. थांबल्यावर त्याच्या उलट होतं. स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच गाडी सरकल्यासारखी वाटते ना, तसं. काचेवरून धूळ आडवी वाहत असते आणि उभी गाडी घसरतेय असं वाटून माणूस जीव खाऊन ब्रेक दाबून बसतो. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे पेटले! हेडलाईट बंद केल्याचं सगळं पुण्य तिथेच संपतं. म्हणून हँडब्रेक लावून पाय जमिनीवर टेकवायचा, हे मी शिकाऊ ड्रायव्हरांकडून शंभरदा करून घेतो.

आता ही धूळ येते कुठून, ते कळलं की कुठे सावध राहायचं तेही कळेल.

आपल्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस यायच्या आधी काय होतं ते आठवा. दुपारभर उकडतं, काळे ढग चढतात, आणि पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत गार वाऱ्याचा लोट येतो. अंगणातला पाचोळा, माती, दोरीवरचे कपडे सगळं उडवतो. ढगातून पाऊस पडताना हवा थंड होऊन जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते, तोच हा वारा. ॲरिझोनात तेच घडतं, फक्त मोठ्या मापाने आणि सपाट सुक्या जमिनीवर. इथेही त्या ऋतूला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा सरकारी काळ. वाऱ्याच्या तोंडाशी धुळीची भिंत उभी राहते, तिला सुदानमधून आलेला अरबी शब्द वापरतात, हबूब. ५ जुलै २०११ च्या संध्याकाळी फिनिक्सवर आलेली भिंत सुमारे दीड किलोमीटर उंच होती आणि तिची रुंदी शंभर मैलांच्या घरात होती. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुतेक तिचेच असतील.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते. वाळूचे कण जड, ते जमिनीलगत उड्या मारत जातात. आंधळं करते ती गिरणीतल्या पिठासारखी बारीक माती. आणि ती जास्त कुठून येते? जिथे कुणी हात लावलेला नाही अशा वाळवंटातून कमी येते. तिथल्या मातीवर कवच धरलेलं असतं, झुडपं असतात. नांगरून मोकळी सोडलेली शेतं, बांधकामासाठी साफ केलेल्या जागा, गाड्या फिरवून कवच मोडलेले माळ, इथून फुफाटा उठतो. जावयांचा रस्ता नेमका अशाच भागातून जातो. फिनिक्स आणि टूसॉनच्या मधला पिनाल जिल्हा कापूस आणि अल्फाल्फा गवताचा. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीवर पाणीटंचाई पहिल्यांदा जाहीर झाली आणि पुढच्या वर्षापासून इथल्या शेतकऱ्यांचं कालव्याचं बरंचसं पाणी तोडलं गेलं. जमिनी पडीक पडल्या. त्या शेतकऱ्यांचं दुःख मला कळतं, मी कोरडवाहू मुलखातल्या माणसांत वाढलोय. पण त्या पडीक जमिनीची धूळ रस्त्यावर येते हेही खरं आहे.

उंच भिंतीपेक्षा मला दुसऱ्या प्रकाराची भीती जास्त वाटते, आणि त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले नसणार. भिंत दुरून दिसते, माणूस सावध होतो. पण जोराचा वारा सुटलेला असताना एखाद्याच मोकळ्या शेतातून धुळीचा पट्टा निघतो आणि रस्त्याला आडवा जातो. रुंदी काहीशे मीटर. अलीकडे लख्ख ऊन, पलीकडे लख्ख ऊन, मधे काळोख. वर निळं आभाळ दिसत असतं. १२० च्या वेगाने माणूस त्यात शिरतो, दचकून ब्रेक दाबतो, मागचाही तसाच शिरतो. याला पावसाळाही लागत नाही. २९ ऑक्टोबर २०१३ ला पिकाचो पीक डोंगराजवळ आय-१० वर, म्हणजे फिनिक्स-टूसॉनच्या याच महामार्गावर, असंच झालं. १९ गाड्या एकमेकींवर आदळल्या, ३ माणसं गेली. कॅलिफोर्नियात कोअलिंगाजवळ आय-५ वर २९ नोव्हेंबर १९९१ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची गर्दी असताना, १०४ गाड्या एकमेकींत घुसल्या आणि १७ जण मेले. तिथेही दुष्काळाने सुकलेली शेतंच होती. युटात २५ जुलै २०२१ ला आय-१५ वर ८ जण गेले. बहुतेक ठिकाणी गोष्ट तीच. पहिला कोणीतरी लेनमध्ये थांबला किंवा एकदम हळू झाला, आणि मागून येणाऱ्यांची रांग संपेना.

पिकाचोच्या त्या टप्प्यावर आता चांगली सोय झाली आहे. मैलाच्या खांबांनुसार २०९ ते २१९ या दहा मैलांत रस्त्याकडेला दृश्यता मोजणारी यंत्रं बसवली आहेत, लांबून येणारं वादळ टिपणारं रडार आहे, आणि वेगमर्यादेच्या पाट्या इलेक्ट्रॉनिक आहेत. धूळ आली की ७५ चा आकडा आपोआप ३५ पर्यंत उतरतो. जावयांना सांगा, आभाळ स्वच्छ दिसत असलं तरी पाटीवर आकडा उतरला की उतरायचं. त्या यंत्राला पुढचं दिसतंय, आपल्याला नाही. दहा मैलांच्या बाहेर मात्र आपले डोळे आणि फोन एवढंच. हवामान खात्याचा धुळीचा इशारा फोनवर मोठ्याने वाजतो. त्या भोंग्याला कंटाळून लोक सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करतात. कृपा करून बंद करू नका.

भिंत दिसली तर किती वेळ असतो? समजा ती १० किलोमीटरवर आहे आणि तुमच्या दिशेने ताशी ६० ने येतेय. तुम्ही तिच्याकडे १२० ने जाताय. तीन मिनिटं वीस सेकंदांत तुम्ही आत असता. फोटो काढण्यात त्यातलं एक मिनिट जातं. त्या रस्त्यावर पिकाचो पीकचा एक्झिट, म्हणजे महामार्गावरून उतरायची वाट, २१९, त्यानंतर रेड रॉकचा थेट २२६. तिथे एक्झिटचे नंबर मैलांवरून असतात, म्हणजे मधे सात मैल सुटका नाही. म्हणून माझा रिवाज असा: क्षितिजावर तपकिरी काही दिसलं आणि एक्झिट समोर आला, तर 'पुढच्याला पाहू' म्हणायचंच नाही. उतरायचं, पेट्रोल पंपावर नाहीतर हॉटेलात जाऊन बसायचं, चहा प्यायचा. ही वादळं अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पुढे सरकतात.

एक्झिट नसेल आणि धूळ अंगावर आलीच, तर काहीतरी दिसतंय तोवरच बाहेर पडायचं. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, आधी बंद. ब्रेक कचकन दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडत यायचं. उजवा इंडिकेटर देऊन उजवीकडची पांढरी पट्टी धरायची. पट्टीबाहेर खडबडीत खाचा असतात, त्यावर टायर गेले की घरघर ऐकू येते. डोळे निकामी झाले तरी कान सांगतात की आपण लेनच्या बाहेर आलो. तिथेच थांबू नका, शोल्डर ओलांडून डांबर संपेल त्याच्याही पलीकडे जा. जमीन सपाट असेल तर मी ट्रकसुद्धा मातीत उतरवतो. मग गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक, इंजिन बंद, दिवे बंद. काचा आधीच वर हव्यात, आणि एसी बाहेरची हवा आत घेणार नाही असा. कोणीही दार उघडून बाहेर पडायचं नाही.

गाडीच लेनमध्ये बंद पडली, किंवा आधीच धडकली, तर? याचं ठोकळेबाज उत्तर मी देणार नाही. दिवे असू द्या, तिथे ते बंद करायचे नाहीत. उजव्या बाजूने बाहेर पडता येत असेल आणि पायांत बळ असेल, तर रस्त्यापासून लांब, कुंपणापर्यंत जाणं मला बरं वाटतं. पण मधे एक जरी लेन ओलांडावी लागणार असेल, तर पट्टा आवळून आतच बसा.

धूळ विरळ झाली की लगेच उडी मारून रस्त्यावर येऊ नका. मागून येणारा अजून धुळीतच असतो. आरशात निदान अर्धा किलोमीटर स्वच्छ दिसू द्या, शोल्डरवरच वेग घ्या, मग लेनमध्ये शिरा. आणि मागोमाग पाऊस येतो. धुळीवर पडलेला पहिला पाऊस रस्त्याचा चिखल करतो, टायर साबणावर चालल्यासारखे सुटतात.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण तुम्ही दोघं साठी ओलांडलेले म्हणून सांगतो. ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे होणाऱ्या आजाराला व्हॅली फीवर म्हणतात. धुळीतून ती श्वासात जाते. बऱ्याच जणांना काहीच होत नाही, काहींना एक ते तीन आठवड्यांनी खोकला, ताप आणि अंग मोडून काढणारा थकवा येतो. माणसापासून माणसाला ती लागत नाही. अडचण ही की तोवर तुम्ही पुण्याला परतलेले असाल. छातीच्या एक्स-रेत ती न्यूमोनियासारखी किंवा क्षयासारखी दिसू शकते, आणि आपल्या डॉक्टरांच्या मनात आधी तेच येणार. तेव्हा परतल्यावर महिनाभरात असा खोकला धरला तर पहिलं वाक्य हे सांगा: "आम्ही ॲरिझोनात होतो, तिथे धूळ अंगावर घेतली."

आणखी काही जणांनी राजस्थानातल्या रस्त्यांचंही विचारलंय. तिथल्या आंधीत मूळ विचार हाच, पण रस्ते वेगळे. शोल्डरवर माणसं, गुरं, उभे ट्रक असतात. म्हणून आभाळ पिवळं पडायला लागलं की ढाबा किंवा पंप गाठायचा. झाड, जुनी भिंत आणि होर्डिंग यांच्याखाली मात्र गाडी लावायची नाही. मे २०१८ मध्ये राजस्थान-उत्तर प्रदेशात शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात भिंती आणि झाडं पडून गेलेली पुष्कळ. १३ मे २०२४ ला मुंबईत धुळीचं वादळ आलं, तेव्हा घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले, ते तर आपल्याच दारातलं.

आता जावयांचं वेळापत्रक. जुलै-ऑगस्टमध्ये ढग दुपारी बांधतात आणि वादळं बहुतेक उतरत्या दुपारी नाहीतर संध्याकाळी सुटतात. त्यांची परतीची वेळ नेमकी तीच. शक्य असेल त्या दिवशी त्यांनी टूसॉन तीनच्या आत सोडावं. इशारा वाजला असेल तर जेवून रात्री निघावं. बायकोने "कुठे पोहोचलास?" म्हणून फोन करत राहू नये. थांबलेला माणूस त्या वेळी पट्टा बांधून शांत बसलेला बरा.

आणि गाडीचं पाहून घ्या. नव्या गाड्यांत दिवे आपोआप लागतात. भिंतीने अंधार केला की गाडी स्वतःच हेडलाईट पेटवते, इंजिन बंद केलं तरी काही गाड्यांत दिवे थोडा वेळ तसेच राहतात. थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारा 'ऑटो होल्ड' चालू असेल तर पाय काढला तरी ब्रेकचे दिवे जळत राहतात. हे धुळीत बसून शोधायचं काम नाही. तुम्ही पोहोचाल त्या पहिल्या रविवारी रात्री गॅरेजचा दिवा मालवा. जावयांना गाडीत बसवा, इंजिन चालू करून हेडलाईट ऑटोवर ठेवायला सांगा. तुम्ही मागे उभे राहा. आणि एकही लाल ठिपका उरला नाही असं तुम्ही ओरडून सांगेपर्यंत त्यांना बटणं शोधू द्या.